नवरा नकली घड्याळं जमवतोय, काय करू?

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे अलीकडे वरचेवर येतो. कधी बायको विचारते, कधी आई, क्वचित तो मुलगा स्वतः. "दारू नाही, सिगारेट नाही, बाहेरचं काही नाही. पण दर महिना-दोन महिन्यांनी घरात एक घड्याळ येतं आणि प्रत्येक घड्याळाबरोबर एक नवी थाप येते. हे व्यसन आहे का?" हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न मिटत नाही, म्हणून एका जोडप्याची हकिकत सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी आधी एकटीच आली. नवरा निखिल, तिशी नुकतीच ओलांडलेला, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर न कळणारे हप्ते दिसले, तेव्हा तो म्हणाला, लॅपटॉपचे आहेत. मग एक दिवस कपाट आवरताना स्वेटरांच्या खाली डबा सापडला. आत ओळीने घड्याळं: रोलेक्स, ओमेगा, पानेराई. तिने मोबाइलवर किमती बघितल्या आणि तिचे हातपाय गळाले. "मला आधी वाटलं, याने कुठेतरी अफरातफर केली. रात्री त्याने सांगितलं की सगळी नकली आहेत. हायसं वाटून घ्यावं की रडावं, तेच कळेना."

ती डबा घेऊन थेट कचऱ्यात टाकायच्या बेतात होती. मी तिला तेवढं थांबायला सांगितलं. घड्याळं फेकली की भांडण फेकण्यावर होतं, मूळ विषय बाजूलाच राहतो. रोज त्याचा मोबाइल तपासणंही बंद करा म्हटलं, कारण पहारा बसला की माणूस लपवण्यात आणखी तरबेज होतो.

निखिल आला तो तयारीनिशी. "मॅडम, मी जुगार खेळत नाही. पन्नास हजारांत दहा लाखांचं घड्याळ घालायला मिळतं, कोणाचं काय बिघडलं?" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि ते उडवून लावावं असं मला कधीच वाटलं नाही. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तू समजावून सांग. तो खुलला.

त्याने सांगितलं ते असं. रस्त्यावर किंवा तुळशीबागेच्या आसपास दोन-तीन हजारांत मिळते ती 'फर्स्ट कॉपी'. त्याच्या वर 'सेव्हन ए' आणि 'मास्टर कॉपी' ही दुकानदारांनी ठेवलेली नावं, त्यांना काही अर्थ नाही. खरे शौकीन थेट चीनमधून मागवतात. तिथले काही कारखाने रोलेक्स सबमरिनरच्या आतल्या यंत्राचीसुद्धा हुबेहूब नक्कल करतात. सेकंदाचा काटा मूळ घड्याळासारखाच सेकंदाला आठ ठोके घेत सरकतो. तारखेवरचं भिंग अडीचपट मोठं दाखवतं. आतल्या कड्यावर कोरलेली अक्षरं बारा वाजताच्या मुकुटाशी, म्हणजे रोलेक्सच्या खुणेशी, जुळतात. पैसे भरल्यावर विक्रेता त्याच घड्याळाचे फोटो पाठवतो, त्याला म्हणतात 'क्यूसी', म्हणजे क्वालिटी चेक. मग गिऱ्हाइकाने ते फोटो ताणून ताणून बघायचे. तारीख खिडकीच्या मधोमध आहे का? सहाच्या खूणपट्टीला तिरकेपणा आहे का? पसंत पडलं तर 'जीएल' म्हणजे ग्रीन लाइट, नाहीतर 'आरएल' म्हणजे रेड लाइट. हे बघण्यात तो रात्रीचे दोन वाजवायचा आणि सकाळच्या मीटिंगला डोळे चोळत बसायचा.

"आणि पार्सल हातात आलं की?"

तो जरा घुटमळला. "चार दिवस छान वाटतं. मग काहीतरी खटकायला लागतं."

मला वाटतं, या छंदाचा गाभा इथे आहे. अस्सल घड्याळ घालणारा किती वाजले ते बघतो. नकली घालणाऱ्याला प्रत्येक वेळी चूक दिसते, कारण त्याच्या वस्तूची किंमत एकाच कसोटीवर ठरते: ती दुसऱ्या वस्तूसारखी किती आहे. आणि ती कसोटी कधीच शंभर टक्के उतरत नाही. मग बदल सुरू होतात. वरची काच बदल, बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची, रंगीत चकती बदल, काटे अस्सल मिळवून बसव. असं निम्मं खरं, निम्मं खोटं झालं की त्याला 'फ्रँकन' म्हणतात. निखिलने एका घड्याळावर असा खर्च केला होता की त्यात सेको किंवा सिटिझनची दोन-तीन चांगली घड्याळं आली असती. तरीही समोरच्याने मनगट जवळून बघितलं की याचा हात आपोआप बाहीत जायचा.

मी त्याला दोन आठवड्यांची एक वही ठेवायला सांगितली. घड्याळांचे फोटो बघायला फोन उघडला की वेळ लिहायची आणि त्याआधी तासाभरात काय झालं ते लिहायचं. बस्स, थांबवायचा प्रयत्न करायचा नाही. वही आली तेव्हा मला फार काही बोलावं लागलं नाही. सोमवारच्या आढावा बैठकीनंतर. मेहुण्याचा फोन आल्यानंतर. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी नव्या गाडीचा फोटो टाकल्यानंतर. एका पानावर फक्त 'लग्नाचं आमंत्रण, सगळे येणार' एवढंच होतं.

याची सुरुवात मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली होती. पहिल्या पगारापासून त्याला जुन्या एचएमटी जमवायच्या होत्या. या सरकारी कंपनीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने तिचा घड्याळांचा कारभार बंद करायला मंजुरी दिली आणि जुन्या जनता, पायलट, कोहिनूरला एकदम मागणी आली. निखिलने ऑनलाइन चार 'पायलट' घेतल्या. एका जाणकाराने बघून सांगितलं, या 'मुंबई स्पेशल' आहेत. म्हणजे डायल नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, केस म्हणजे बाहेरची डबी दुसऱ्याची. चार लोकांसमोर त्याची फजिती झाली. "तेव्हाच ठरवलं, फसायचंच असेल तर आपल्या मर्जीने फसायचं, आणि चांगल्या मालात." फसवला गेलेला माणूस पुढे लोकांना फसवण्याच्या जागी जाऊन बसतो, हे मी इतर बाबतींतही बघत आले आहे. तिथे पुन्हा हसं व्हायची भीती कमी वाटते.

पण तो माझ्याकडे खरा कशासाठी आला होता, ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. मृण्मयीचा थोरला भाऊ व्यवसायात बऱ्यापैकी स्थिरावलेला. एका बारशात त्याने निखिलच्या हातातली सबमरिनर बघितली आणि "ओरिजिनल?" असं विचारलं. निखिल "हो" म्हणून गेला. मग त्या 'हो'ला आधार द्यायला दुबईचा मित्र आला, सेकंडहँड सौदा आला, सहा लाखांचा आकडा आला. आता मेहुण्याला पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःसाठी तेच घड्याळ हवं होतं. "तू घेतलंस त्या भावात मला दे, तू दुसरं घे. घरातल्या घरात." तो दर आठवड्याला फोन करत होता.

इथे मी समुपदेशकाच्या खुर्चीत बसूनही कायद्याची बाजू स्पष्ट सांगितली, कारण ती न सांगणं हे त्याला खड्ड्याच्या काठावर सोडून देणं झालं असतं. नकली माल अस्सल म्हणून विकून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येणारी फसवणूक आहे. नकली आहे असं सांगून विकलं तरी सुटका नाही. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं, किंवा विकण्यासाठी जवळ बाळगणं, हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. 'डबा विकून कर्ज फेडतो' हा त्याचा दुसरा बेतही त्यामुळे बारगळला. वकिलाला विचारून ये म्हटलं. तो विचारून आला आणि गप्प बसला.

मग आम्ही एक वाक्य घडवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यावर जवळपास पूर्ण तास गेला. तो सुरुवात करायचा, "दादा, ऐका ना, त्याचं काय झालं, त्या दिवशी सगळे होते..." आणि तीन मिनिटांनंतरही 'नकली' हा शब्द तोंडातून निघत नसे. मी मेहुणा होऊन बसले. प्रत्येक वेळी आधीची प्रस्तावना छाटत गेलो. शेवटी उरलं ते एवढं: "दादा, ते घड्याळ नकली आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आधी मृण्मयीला सांगायचं ठरलं, माझ्यासमोर. मला वाटत होतं ती पैशांवरून भडकेल. ती वेगळ्याच गोष्टीवर रडली. "मी आईला सांगितलं होतं, त्याने दुबईहून आणलंय म्हणून. आईने मावशीला सांगितलं. म्हणजे तू मला माझ्याच माहेरी खोटं बोलायला लावलंस." निखिलने तोवर या बाजूने विचारच केला नव्हता. त्याच्या हिशेबात ती थाप त्याची एकट्याची होती.

मेहुण्याला त्याने घरी जाऊन सांगितलं, फोनवर नाही. दादांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं, "म्हणजे मी गिऱ्हाइकांसमोर तुझ्या घड्याळाची तारीफ करत होतो, तेव्हा तू मनात हसत होतास?" निखिल म्हणाला, "हसत नव्हतो. घाबरत होतो." त्यानंतर भाऊबीजेला दादा आले, ओवाळून घेतलं, जेवले, पण निखिलशी कामापुरतंच बोलले. अजूनही पहिल्यासारखं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. खरं सांगितलं की लगेच गळाभेट होते, अशा आशेने कोणी बोलायला गेलं तर पहिल्याच थंड नजरेला मागे फिरेल.

आता छंदाबद्दल. त्याचा सगळाच छंद मोडून काढावा, असं मला एकदाही वाटलं नाही. एका भेटीला मी त्याला अवजारं घेऊन यायला सांगितलं. कंपासपेटीत सगळं मावलं होतं: डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटे, धूळ उडवायची रबरी फुंकणी, बोटांना घालायच्या रबरी टोप्या. समोर सेकोचं एनएच३५ हे सुटं मिळणारं यंत्र. काटे बसवताना आधी चावी फिरवत तारीख बदलायची वाट बघायची आणि ती उडी मारते त्या क्षणी तासकाटा बरोबर बारावर दाबायचा, नाहीतर पुढे दुपारीच तारीख बदलत राहते. त्याने ती उडी तीनदा पुन्हा जुळवून बघितली. मग मिनिटकाटा, मग केसासारखा सेकंदकाटा. बाहेर कोणाचा तरी फोन वाजत होता, त्याचं लक्षही नव्हतं. एरवी माझ्यासमोर सतत पाय हलवणारा हा मुलगा अर्धा तास स्थिर होता. डायल कोरी होती, कोणत्याही कंपनीचं नाव नसलेली.

त्या वहीत या कामाची एकही नोंद नव्हती, कारण हे करायला तो कधी कोणाच्या बोलण्याने दुखावून बसला नव्हता. त्याचं कौशल्य आणि त्याची लाज, दोन्ही एकाच डब्यात ठेवल्यामुळे घरच्यांना ती एकच गोष्ट वाटत होती. मृण्मयीलाही मी हेच दाखवलं. तो यंत्र उघडून बसतो तेव्हा त्याला बसू द्या. 'क्यूसी'चे फोटो रात्री एकला बघतो तेव्हा विचारा, आज काय झालं?

पैशांचं उरकलं ते साध्या मार्गाने. कार्ड बंद, उरलेले हप्ते दोघांनी मिळून मांडले, छंदाला महिन्याला ठरावीक रक्कम, तीही मृण्मयीला माहीत असलेल्या खात्यातून. काही घ्यावंसं वाटलं तर वहीत लिहून दोन आठवडे थांबायचं. बहुतेक गोष्टी दोन आठवड्यांनी त्यालाच नकोशा झाल्या.

ज्यांनी मला व्यसनाबद्दल विचारलं, त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये अनावर खरेदीची नोंद आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे, पण घड्याळं जमवणारा प्रत्येक जण त्यात बसत नाही. संख्येवरून ठरवू नका. ठरवूनही थांबता येत नाही का, कर्ज फेडायला नवं कर्ज काढलं जातंय का, झोप आणि नोकरी ढासळतेय का, खरेदी न केल्यास जीव कासावीस होतो का, हे बघा. यातलं बरंच काही महिनोन्महिने चालू असेल, किंवा तो जगणं नको झाल्यासारखं बोलत असेल, तर माझ्यासारखीकडे येऊन पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञाला भेटायलाच हवं. औषधाची गरज लागू शकते आणि त्यात कमीपणा नाही. निखिलला ती लागली नाही.

डब्यातल्या घड्याळांची त्याने यंत्रं काढून सरावासाठी ठेवली आणि नावं असलेल्या डायली तोडून टाकल्या. एक मात्र शाबूत आहे, तीच बारशातली सबमरिनर. मृण्मयीला ती घरात नको आहे. निखिलला ती मोडवत नाही, हातात घालवतही नाही. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं ठरलं आहे.