नवविश्वासी मित्रा, स्वतःला कॅल्विनवादी म्हणवण्याआधी

म्हणव, हरकत नाही. कॅल्विनवादी म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याची शिकवण मानणारा; तारण कोणाला मिळणार हे देवच निवडतो, असं तो मानतो. मतांना नावं असली की चर्चा सोपी होते, आणि ‘मी फक्त बायबल मानतो’ म्हणणाराही ते कुठल्यातरी परंपरेच्या नजरेनेच वाचत असतो.

पण आधी इतिहास बघ. तारणाबद्दलच्या ज्या पाच मुद्द्यांवर तू वाद घालतोस, ते नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत १६१८-१९ मध्ये ठरले. देवाची कृपा माणूस स्वीकारू किंवा नाकारू शकतो असं मानणाऱ्या आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडलेल्या पाच कलमांना ते उत्तर होतं. कॅल्विन तर १५६४ मध्येच वारला होता! त्याचं प्रार्थनेवरचं, प्रभुभोजनावरचं लेखन त्या पाचांत मावत नाही. तेही वाच.

दुसरं, मंडळीत हे नाव भिंतीसारखं वापरू नकोस. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणत गट पाडणाऱ्या करिंथकरांना पौलाने याचसाठी खडसावलं. १९७० मध्ये नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा निरनिराळ्या पंथांचे लोक उत्तर भारतीय मंडळीत एकत्र आले. बाप्तिस्मा बाळांना द्यावा की प्रौढांना, यावर एकमत नसतानाही.

सध्या रोमकरांस पत्राचा नववा (देवाची निवड) आणि दहावा (माणसाचा विश्वास) अध्याय सलग वाच. मग या विषयात आर्मिनियसच्या बाजूने असलेल्या मेथॉडिस्ट परंपरेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याचं मत विचार, आणि मध्ये न बोलता ऐक.