प्रत्यारोपणानंतरचा खोकला: जंतू की औषध?

प्रश्न: मूत्रपिंड प्रत्यारोपणाला चार वर्षं झाली. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधांत तीन महिन्यांपूर्वी टॅक्रोलिमसऐवजी सिरोलिमस सुरू झालं. आता कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. औषधाची रक्तातली पातळी मात्र नॉर्मल आहे. मग दोष औषधाचा कसा?

पातळी नॉर्मल आली म्हणून सिरोलिमस निर्दोष ठरत नाही. ती जास्त असेल तर धोका वाढतो, पण योग्य पातळीतही फुप्फुसाला सूज येते. त्याच गटातल्या इव्हरोलिमसचंही तसंच. सुरुवात बहुधा तुम्ही लिहिलीत तशीच होते: कोरडा खोकला, धाप, थकवा, कधी ताप. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना, विशेषतः खालच्या भागात, धूसर पांढरट डाग दिसतात.

अडचण अशी की न्यूमोसिस्टिस (एक बुरशी) किंवा सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) यांचा न्यूमोनियाही असाच दिसू शकतो. म्हणून ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुसाचा भाग धुऊन ते पाणी जंतूंसाठी तपासतात. क्षयरोग आणि इतर बुरशीही त्यातच शोधतात. जंतू सापडला नाही आणि औषध थांबवल्यावर सुधारणा झाली, तरच दोष औषधावर ठेवता येतो.

प्रश्न: मग आजपासूनच गोळी सोडून देऊ?

स्वतःहून नको. पर्यायी औषधाशिवाय गोळी थांबली तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारू शकतं. आजच प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. बदल करायचा तर बहुधा पुन्हा टॅक्रोलिमस देतात. सिरोलिमसचं अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे 60 तास, त्यामुळे ते अंगातून जायलाच दोन आठवडे लागतात. आराम पडायला आठवडे, कधी महिने. स्टेरॉइडचा वाढीव डोस आजार तीव्र असेल तेव्हाच.

प्रश्न: ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही ना?

असं धरू नका. रोजचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ताप दाबून टाकू शकतं. न्यूमोसिस्टिसमध्ये तर सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर बसून ऑक्सिजन 97 टक्के, पण थोडं चालल्यावर 92, ही घसरण जास्त बोलकी. ती दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: खोकल्यासाठी घरातलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं तर?

घेऊ नका. त्याने सिरोलिमस आणि टॅक्रोलिमस, दोन्हींची पातळी चढते. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं, पातळी पाडतं. नवं कुठलंही औषध सुरू होण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना नाव कळवा. पातळी तपासायची तर रक्त सकाळच्या गोळीआधी द्या. गोळीनंतरचा आकडा फसवा असतो.