आर्दूपायलट की पीएक्स ४? आधी परतीची उंची पाहावी

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपण लॅमिंग्टन रोडवरून एफ४०५ प्रोसेसरचा स्वस्त फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचे उड्डाण सांभाळणारा बोर्ड) आणला असून त्यावर आर्दूपायलट टाकावे, पीएक्स ४ टाकावे की मुळातले बीटाफ्लाइटच राहू द्यावे, असे विचारले आहे. ही तिन्ही त्या बोर्डावर चालणारी फर्मवेअर, म्हणजे ड्रोन चालवणारी सॉफ्टवेअर. ठरवलेल्या बिंदूंवरून आपोआप फिरून परत येणे हे प्रकल्पाचे काम असेल, तर बीटाफ्लाइटचा विचार सोडावा; ते हाताने चपळ उडवण्यासाठी घडवलेले आहे. उरलेल्या दोहोंत मी आर्दूपायलट सुचवीन, कारण पीएक्स ४चा ओढा पिक्सहॉक या खुल्या आराखड्याच्या बोर्डांकडे आहे, तर आर्दूपायलट अशा स्वस्त बोर्डांनाही सांभाळून घेते. एफ४०५ मध्ये फ्लॅश मेमरी मात्र १ एमबीच असल्याने काही सुविधा गाळलेल्या असतात. त्यांतली एखादी हवीच असेल, तर नको त्या वगळून स्वतःपुरते फर्मवेअर बांधून घेण्याची सोय आर्दूपायलटच्या संकेतस्थळावर आहे. परवान्यांतला फरक (आर्दूपायलट जीपीएल ३, पीएक्स ४ बीएसडी) बदललेले फर्मवेअर विकायला काढाल तेव्हा महत्त्वाचा ठरेल, आज नाही.

खरी गोम पुढे आहे. रेडिओचा संपर्क तुटला की ड्रोन ‘आरटीएल’ (रिटर्न टू लाँच) मोडमध्ये जाऊन, म्हणजे आधी ठरावीक उंची गाठून मग घराकडे परततो, आणि आर्दूपायलटमध्ये ही उंची मुळात १५ मीटर असते. १५ मीटर म्हणजे आपल्याकडची जेमतेम पाच मजली इमारत! पालघरकडच्या एका मोकळ्या शेतात माझा पहिला क्वाडकॉप्टर असाच आज्ञाधारकपणे १५ मीटरवर चढला आणि सरळ बांधावरच्या ताडात घुसला. लॉगमध्ये, म्हणजे कंट्रोलरने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीत, दोष कुठेच नव्हता. सांगितले तेच त्याने केले होते. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, म्हणून जागेवर पोहोचल्यावर सर्वांत उंच झाड पाहून ती दर वेळी ठरवावी.

दुसरी चूक मुंबईत हमखास होते, ती म्हणजे होकायंत्राचे कॅलिब्रेशन (वाचन जुळवून घेणे) सोसायटीच्या गच्चीवर करणे. स्लॅबमधल्या लोखंडी सळयांनी होकायंत्राचे वाचन बिघडते आणि मग मैदानात ‘लॉइटर’ मोड लावला की ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी घाण्याच्या बैलासारखा गोल फिरू लागतो. जीपीएस व होकायंत्राचा जोड बॅटरीच्या तारांपासून दूर, उंच दांडीवर बसवावा.

उडवायचे कुठे, हे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावेच, शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात, तेही तपासावेत. तोवर घरबसल्या एसआयटीएल हे आभासी उड्डाणाचे सॉफ्टवेअर चालवावे: त्यात आर्दूपायलटचाच कोड लॅपटॉपवर धावतो, आणि वाऱ्याचा वेग वाढवून किंवा रेडिओ मुद्दाम तोडून ड्रोन काय करतो ते पंखा न मोडता कळते. माझ्या मते आठवडाभर एवढेच करावे.

पहिल्या खऱ्या उड्डाणानंतर लॉगमधला ‘व्हाइब’ आलेख उघडावा. कंपन ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर जात असेल, तर फर्मवेअरला दोष न देता वाकलेला पंखा, सैल स्क्रू आणि कंट्रोलरखालचा फोम पाहावा. स्वस्त फ्रेममध्ये रोग बहुधा तिथेच सापडतो. त्या उड्डाणाआधी मात्र चारही पंखे काढून ठेवावेत, ट्रान्समीटर बंद करावा आणि कंट्रोलर खरोखर फेलसेफमध्ये (संपर्क तुटल्यावरच्या सुरक्षित स्थितीत) जातो की नाही, हे मिशन प्लॅनर या लॅपटॉपवरून ड्रोनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.