'आय हॅव अ डाउट' म्हणणं चूक आहे का? डाउटचा नेमका अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की मुलाखतीत एका प्रश्नाचे दोन अर्थ निघत होते, म्हणून तुम्ही 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणालात आणि समोरच्या तिघांपैकी एकाने 'डाउट नाही, क्वेश्चन म्हणा' असं सुनावलं. पुढची दहा मिनिटं तुम्हाला नीट बोलताच आलं नाही. आता तुम्ही विचारताय की डाउटचा खरा अर्थ काय आणि रोजच्या बोलण्यात तो कुठे चालतो.

आधी धीर देतो. तुमचं वाक्य भारतात कोट्यवधी लोक रोज बोलतात आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. त्या गृहस्थांनाही ते कळलंच होतं. पण भारताबाहेरच्या माणसाच्या कानाला ते वेगळं लागतं, हेही तितकंच खरं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि हे मला चांगलंच महागात पडून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी इंग्लंडमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मेल टाकला होता: 'आय हॅव सम डाउट्स अबाउट युवर डिझाइन.' मला एवढंच विचारायचं होतं की डिलिव्हरीची तारीख कोणत्या टेबलमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन बघतो तर त्याचं तीन पानी उत्तर आलेलं. आपलं डिझाइन का योग्य आहे, याआधी ते कुठे कुठे चाललंय, सगळं मुद्देसूद मांडलेलं, आणि सीसीमध्ये त्याचा मॅनेजर. आमच्या टीम लीडने मला बाजूला घेऊन विचारलं, 'अरे, त्याच्या कामावर शंका कशाला घेतलीस?' मी म्हटलं, 'शंका घेतली नाही हो, शंका विचारली.'

सगळी गोम तिथेच आहे. मराठीत 'शंका' हा शब्द एकच, पण त्याच्या पुढचं क्रियापद बघा. शंका विचारली म्हणजे प्रश्न केला. शंका घेतली म्हणजे अविश्वास दाखवला. शंका आली म्हणजे मनात काहीतरी खटकलं. शंका काढली म्हणजे खुसपट काढलं. शंका फिटली म्हणजे उलगडा झाला. अर्थाचा भार क्रियापदावर आहे, शंका नुसती मागे उभी असते. आपण इंग्रजीत जाताना शंकेचा डाउट करतो आणि क्रियापद मराठीतच ठेवून जातो. 'हॅव' लावलं की विचारली काय आणि घेतली काय, सगळं सारखंच. मग ऐकणारा त्याला माहीत असलेला अर्थ लावतो, आणि इंग्रजांच्या डाउटमध्ये शंका नेहमी घेतलेली असते. आपल्याला शाळेपासून शंका-समाधानाची सवय. कीर्तनकार असोत नाहीतर गणिताचे सर, 'काही शंका?' असं विचारणारा माणूस आपल्याला प्रेमाने बोलावत असतो. क्लासमध्ये त्याचंच 'डाउट क्लिअर करून घ्या' झालं. तमिळमधला 'संदेहम्' हा शब्दही संशय आणि प्रश्न या दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे चेन्नईची मुलंही हाच डाउट घेऊन येतात.

आणि आपण एकटेच नाही. स्पॅनिशमध्ये प्रश्न असला की सरळ 'तेंगो उना दूदा' म्हणतात, शब्दशः 'मला एक डाउट आहे'. पोर्तुगीजमधला 'दूव्हिदा' तसाच. आमच्या एका प्रोजेक्टवर ब्राझीलची टीम होती. त्यांचा मेल यायचा, 'वी हॅव अ डाउट', आणि आम्हाला तो एका फटक्यात कळायचा.

तरीही, 'मला प्रश्न आहे' या अर्थाने डाउट म्हणणं ही फार मोठी चूक नाही असंच मी म्हणेन. फार तर समोरचा क्षणभर दुखावतो. खरी गडबड होते ती डाउट क्रियापद म्हणून वापरताना, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा सायकल चोरीची चर्चा चालली होती. एका शेजाऱ्यांनी लिहिलं, 'आय डाउट द वॉचमन टुक इट.' त्यांना म्हणायचं होतं की माझा संशय वॉचमनवर आहे. पण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ होतो, 'वॉचमनने नेली असेल असं मला वाटत नाही.' अगदी उलट! आरोप करायला गेले आणि वकिली करून बसले. सायकल नंतर बेसमेंटमध्येच मिळाली, त्यामुळे त्यांची वकिली खरी ठरली, पण तो योगायोग. संशय घ्यायचा असेल तर शब्द 'सस्पेक्ट'. 'आय सस्पेक्ट ही टुक इट' म्हणजे त्यानेच नेली असं मला वाटतं. 'आय डाउट ही टुक इट' म्हणजे त्याने नेली असं मला वाटत नाही. एवढा एक फरक पक्का केलात तरी पुष्कळ झालं. घोकायचंच असेल तर डाउट म्हणजे 'मला नाही वाटत' असं घोका. 'विल ही कम?' 'आय डाउट इट.' येईल का? मला नाही वाटत.

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत हा शब्द आपल्या शेजाऱ्यांसारखाही वापरत. शेक्सपिअरचा हॅम्लेट 'आय डाउट सम फाउल प्ले' म्हणतो, तेव्हा त्याला काहीतरी काळंबेरं असल्याचा संशय आलेला असतो. स्कॉटलंडमध्ये 'आय डाउट इट विल रेन' म्हणजे 'पाऊस येणार असं दिसतंय' हा अर्थ अजून सापडतो. पण मुलाखतीत आणि ऑफिसात हे चालणार नाही.

शब्दाच्या मुळाबद्दल थोडं, कारण ते मला फार आवडतं. लॅटिनमधला 'दुबितारे' म्हणजे डगमगणं, दोन गोष्टींमध्ये मन अडकणं. त्याच्या मुळाशी 'दुओ' म्हणजे दोन. जर्मनमध्ये संशयाला 'त्स्वायफेल' म्हणतात आणि 'त्स्वाय' म्हणजे दोन. आपली 'द्विधा' तशीच, आणि 'यात दुमत नाही' मधलं दुमतही. मन दोन ठिकाणी असणं म्हणजे शंका, हे इतक्या भाषांना वाटलं. त्या हिशोबाने तुमचा मुलाखतीतला डाउटसुद्धा मुळाला धरूनच होता म्हणा. दोन अर्थांपैकी कोणता घ्यावा, हेच तर विचारायचं होतं ना?

स्पेलिंगमधल्या न उच्चारायच्या 'बी'चं मूळही इथेच. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो 'बी'शिवायच लिहीत. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून अक्षर घातलं. लोकांनी उच्चार काही बदलला नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातल्या 'बी'ची गोष्टही हीच.

आता रोजच्या वापराचं. गंमत म्हणजे 'माझं उद्याचं डाउटफुल आहे' असं आपण म्हणतो, ते इंग्रजीच्या दृष्टीने अगदी चोख आहे. डाउटफुल म्हणजे होईलच याची खात्री नसलेलं. 'तिला डाउट आला' हेही मूळ अर्थाच्या जवळ. 'माझ्यावर डाउट खातोस का?' यातलं खाणं मात्र अस्सल आपलं, त्याचं भाषांतर करायला जाऊ नका. 'बेनिफिट ऑफ द डाउट' तुम्हाला क्रिकेटमुळे आणि पेपरातल्या कोर्टाच्या बातम्यांमुळे माहीत असेलच: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तिथला संशयही हाच डाउट.

'नो डाउट' जरा जपून वापरा. आपण तो 'नक्कीच' म्हणून वापरतो: 'नो डाउट तो हुशार आहे, पण...' इंग्रजीत तो बऱ्याचदा त्याहून सौम्य असतो, 'असेल बुवा, बहुधा' इतकाच. 'यू आर नो डाउट टायर्ड' म्हणजे तुम्ही दमला असालच. ठाम सांगायचं असेल तर 'विदाउट अ डाउट' म्हणा.

प्रश्न विचारायचा असेल तेव्हा 'आय हॅव अ क्वेश्चन' हे साधं वाक्य पुरतं. समजलं नसेल तर 'कुड यू एक्स्प्लेन दॅट अगेन?' किंवा 'आय डिडन्ट क्वाइट फॉलो दॅट' म्हणा. डाउटऐवजी 'कन्सर्न' वापरा असा सल्ला हल्ली मिळतो. तो ऐकू नका, कारण 'आय हॅव अ कन्सर्न' म्हणजे मला यात काहीतरी काळजीचं दिसतंय, म्हणजे तुम्ही पुन्हा समोरच्याच्या डिझाइनवर बोट ठेवलंत. माझ्या त्या मेलमध्ये मी 'क्वेश्चन्स' लिहिलं असतं, तर तीन पानांऐवजी एका ओळीचं उत्तर आलं असतं. पुढे तो सहकारी पुण्याला आला तेव्हा मी त्याला शंका विचारणं आणि शंका घेणं यातला फरक कागदावर काढून दाखवला. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर आमच्या टीममधल्या कुणी 'डाउट' लिहिलं की तो आधी फोन करून विचारायचा, 'विचारायचा की घ्यायचा?' हे दोन शब्द तो मराठीतच म्हणायचा.

मुलाखत घेणाऱ्यांनी तुम्हाला टोकलं ते बरोबर होतं, पण पद्धत चुकली असं मला वाटतं. शंका विचारणाऱ्याला मध्येच थांबवून त्याची भाषा सुधारली की पुढची शंका तो विचारतच नाही, आणि तुमचं तेच झालं. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलाखत आहे म्हणालात. तिथे काही कळलं नाही तर विचारा. 'क्वेश्चन' आठवला तर उत्तम. घाईत 'डाउट' निघून गेला तर त्यावर अडकू नका, त्याच दमात तुमचा प्रश्न पुढे मांडा.