फळांचा चहा आणि आपला चहा

प्रिय सई,

मैत्रिणीकडे प्यायलेला सफरचंद-दालचिनीचा चहा तू घरी करून पाहिलास, वर संत्र्याचा रस पिळलास, सवयीने दूधही घातलंस आणि सगळं फाटलं. त्यावर तू विचारलंस, "आपण चहात आलं घालतो, वेलदोडा घालतो, गवती चहा घालतो, मग फळं का नाही घालत?"

कारण आपला चहा दुधाचा. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबट पदार्थ भेटला की गोळा होतं, आणि दूध गरम असेल तर थोडासा आंबटपणाही पुरतो. म्हणून आपल्या चहात जे येतं ते वासाचं असतं, आंबट नसतं.

गवती चहाचंच बघ. लिंबाचा जो वास आपण डोळे मिटूनही ओळखतो, तो मुख्यतः सिट्रल नावाच्या वासाच्या द्रव्यामुळे येतो. गवती चहाच्या पातीत तेच भरपूर असतं, पण लिंबाचा आंबटपणा तिच्यात नसतो. म्हणून परसातली पात कापायची, गाठ मारायची, आधणात टाकायची आणि वरून खुशाल दूध ओतायचं. लिंबाचा वास आणि दूध एकाच कपात! मला ही आपली पद्धत फार हुशारीची वाटते. पात नसेल आणि दुकानात नुसता बुंधाच मिळाला तर तो ठेचून घाल, चालतो. पातीइतका मऊ वास मात्र मला त्यात लागत नाही.

आल्याचीही एक गंमत आहे. आलं आंबट नाही, तरी ते कच्चं किसून गरम दुधात टाकलं तर दूध फाटू शकतं. आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं, ते केसीन तोडतं. चीनच्या ग्वांगडोंग भागात याच गुणावर आल्याच्या रसाने दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात. आपण आलं आधी पाण्यात खळखळ उकळतो, त्यात ते एन्झाइम निकामी होतं, मग दूध. मी तुला "आधी आलं, मागून दूध" म्हणून टोकते ते यासाठी.

तेव्हा फळांचा चहा कर, पण कोरा. दोन कपांसाठी अडीच कप पाणी, अर्ध्या सफरचंदाच्या सालासकट पातळ फोडी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एकच लवंग आणि एक ठेचलेला वेलदोडा. लवंगेला हात आखडता ठेव, दुसरी पडली की सफरचंद हरवतं. वेलदोडा ठेचायचाच, कारण वास आतल्या दाण्यांत असतो. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं होऊ दे. झाकण विसरू नकोस, नाहीतर वास घरभर आणि कपात गरम पाणी.

चहापूड मात्र यात उकळायची नाही. दालचिनीसारखी साल सावकाश सुटते, पत्ती लगेच सुटते आणि रेंगाळली की तुरट होते. दुधाच्या चहात तो तुरटपणा दूध सांभाळून घेतं, इथे सांभाळणारं कोणी नाही. गॅस बंद कर, एक चमचा चहापूड टाक, तीन मिनिटं झाक, गाळ.

संत्र्याची साल घालायची तर वरची केशरी तेवढीच सोलून घे. वास तिथल्या तेलात असतो, आतला पांढरा भाग कडू. ती मसाल्याबरोबर शेवटची दोन मिनिटं पुरे. रस कपात, अगदी शेवटी, म्हणजे ताजा लागतो. लिंबू पिळलंस तर चहाचा रंग एकदम फिका होईल. घाबरू नकोस, काही बिघडलेलं नसतं, आंबटपणाने चहाचं रंगद्रव्य फिकं पडतं. साखर चव घेऊन मगच घाल, सफरचंद गोड असेल तर लागणारही नाही.

दूध हवंच असेल त्या दिवशी फळं बाजूला ठेव आणि गवती चहा नि आलं घाल. तुझ्या मैत्रिणीलाही तो एकदा करून दे, लिंबाचा वास येतोय आणि दूध फाटलं कसं नाही, हे ती नक्की विचारेल.

उरलेला फळांचा चहा गाळूनच फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. मसाला आत राहिला तर दालचिनी चढत जाते.

तुझी,
आई