बालमानसोपचार परिचर्या : मऊ मनाच्या परिचारिकेने वॉर्डची जबाबदारी घ्यावी का?

प्रश्न : मी मनोरुग्ण परिचर्या हा विषय घेऊन नर्सिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मुलांच्या मानसोपचार वॉर्डातील पोस्टिंगमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाला चार जणांनी जमिनीवर धरून ठेवलेले मी पाहिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. याच क्षेत्रात राहून पुढे वॉर्डची इनचार्ज व्हावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु वरिष्ठ म्हणतात की वॉर्ड धाकावर चालतो, इतक्या मऊ मनाच्या व्यक्तीचे ते काम नाही. घरच्यांना वाटते की मी व्यवस्थापनाची पदवी घ्यावी आणि थेट प्रशासनाकडे वळावे. मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी त्या न लागलेल्या झोपेविषयी. एका मुलाला बळाने धरून ठेवलेले पाहून मन हलले, यात अपात्रतेचे कोणतेही लक्षण मला दिसत नाही. मला तुमच्याकडून वेगळ्याच दोन गोष्टी जाणून घ्याव्याशा वाटतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या मुलाजवळ जाऊन बसू शकलात का? आणि ज्या चौघांनी त्याला धरले होते, त्यांच्याशी मनात तिरस्कार न ठेवता बोलू शकलात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर तुम्ही चांगल्या परिचारिका व्हाल. वॉर्ड सांभाळण्याची तुमची तयारी मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून कळेल, कारण ते चौघे उद्या तुमच्या हाताखाली काम करणार आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी त्या क्षणी घाबरून, दुसरा मार्ग न सुचल्यामुळे त्या मुलावर हात टाकला असण्याची शक्यता मोठी आहे.

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक हिल्डगार्ड पेप्लाउ यांचा १९५२ सालचा परिचारिका-रुग्ण संबंधांचा सिद्धांत तुम्ही अभ्यासला असेल. परीक्षेसाठी त्यातील संबंधांच्या अवस्था पाठ केल्या जातात, पण वॉर्ड चालवणाऱ्या व्यक्तीने त्यातली चिंतेविषयीची मांडणी पुन्हा पुन्हा वाचावी, असे मला वाटते. एका माणसाची चिंता शब्दांवाचून दुसऱ्यापर्यंत पोहोचते, हे निरीक्षण त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सुलिव्हन यांच्या विचारांतून घेतले आणि परिचर्येच्या कामाला लावले. मुलांच्या वॉर्डात हे विशेषच खरे ठरते, कारण ज्या मुलांनी मारहाण, दुर्लक्ष किंवा घरातली अनिश्चितता सोसलेली असते, ती मोठ्यांचा चेहरा आणि आवाजाची पट्टी फार बारकाईने टिपत असतात. इनचार्ज सकाळी चिडून आली की परिचारिका सावध होतात, त्यांची वाक्ये तुटक होतात आणि त्याची पहिली झळ सर्वांत अस्वस्थ मुलाला लागते. धाकाने चालणाऱ्या वॉर्डाबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे की तिथे वरून खाली चिंताच वाटली जाते, आणि ती पेलण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी असते, त्या मुलाकडे ती शेवटी साठते.

तुम्ही पाहिलेला प्रकार कितपत टाळता येतो, याचा एक चांगला दाखला उपलब्ध आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाशी संबंधित शालेय वयाच्या मुलांच्या १५ खाटांच्या मानसोपचार वॉर्डात बालमानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांच्या विचारांवर आधारलेली पद्धत स्वीकारण्यात आली. मूल मुद्दाम त्रास देत नसून निराशा सहन करणे, बदल स्वीकारणे, आपली अडचण शब्दांत सांगणे यांसारखी एखादी क्षमता त्याच्यात अजून विकसित झालेली नाही, असे गृहीत धरून मुलाबरोबर बसून अडचण सोडवायची, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाच वर्षांच्या अभ्यासात मुलांना बळाने रोखण्याच्या घटना वर्षाला २६३ वरून ७ वर आल्या, तर एकांत खोलीत ठेवण्याच्या घटना ४३२ वरून १३३ वर आल्या. एका वॉर्डाच्या अनुभवावरून सर्वत्र असेच होईल, असे कोणी म्हणू नये. तरीही ज्या वॉर्डाला 'याशिवाय इलाज नाही' असे वाटत असते, त्याने हे आकडे समोर ठेवावेत. बळाचा वापर ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे नियमांनीही मान्य केलेले आहे. अमेरिकी रुग्णालयांना लागू असलेल्या नियमांनुसार हिंसक वर्तनाबद्दल रोखून ठेवण्याचा एक आदेश प्रौढांसाठी जास्तीत जास्त चार तास, ९ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दोन तास आणि नऊ वर्षांखालील मुलासाठी केवळ एक तास टिकतो.

असा बदल केवळ परिपत्रक काढून होत नाही, तो रोजच्या बारीकसारीक गोष्टींत करावा लागतो आणि तिथेच इनचार्जची करुणा दिसते. हँडओव्हरचेच, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या पाळीला मुलांची माहिती देण्याचेच घ्या. 'सात नंबर आज पुन्हा नाटक करतोय' हे वाक्य ऐकून ड्युटीवर येणारी परिचारिका त्या मुलाकडे जाण्याआधीच त्याच्यावर रागावलेली असते. याऐवजी 'आईचा फोन येणार होता, तो आला नाही, तेव्हापासून तो जेवलेला नाही आणि दार आपटतो आहे' असे सांगितले गेले, तर तीच परिचारिका वेगळ्या तयारीने जाते. इनचार्जने हँडओव्हर थांबवून शांतपणे 'त्याआधी काय घडले होते?' असे विचारायचे, आणि हे रोज विचारायचे. काही आठवड्यांनी परिचारिका विचारण्याआधीच ते सांगू लागतात.

दुसरी गोष्ट घटनेनंतरच्या बोलण्याची. मुलाला रोखावे लागले, तर त्यानंतर दोन वेगळी संभाषणे व्हायला हवीत. पहिले लगेच : कोणाला लागले आहे का, मूल कसे आहे, जी परिचारिका थरथरते आहे तिला पंधरा मिनिटे बाहेर बसू द्यायचे का, आणि हे सारे पाहिलेल्या इतर मुलांजवळ कोण थांबणार. दुसरे एखाद्या दिवसाने, मन निवल्यावर : ठिणगी कुठे पडली, आपण कोणत्या क्षणी वेगळे वागू शकलो असतो, आणि मुलाला स्वतःला काय वाटते. बालहक्कांच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारातील बारावे कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क देते. वॉर्डात त्या हक्काचा अर्थ इतका साधा असतो की 'तू चिडतोस तेव्हा आम्ही काय केलेले तुला चालेल?' हे मुलाला शांत वेळी विचारावे, त्याचे उत्तर लिहून ठेवावे आणि रात्रपाळीपर्यंत पोहोचवावे.

मात्र करुणेने चालवायचे म्हणजे सैल सोडायचे, असा समज तुम्ही करून घेऊ नका. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीची नजरेआड न होऊ देता देखरेख ठरली असेल, तर ती शंभर टक्के झालीच पाहिजे. तिच्या आर्जवांनी विरघळून दिलेली सूट जिवावर बेतू शकते. फक्त ती देखरेख दारात खुर्ची टाकून पहारा दिल्यासारखी करायची, की तिच्याशेजारी बसून चित्र रंगवत करायची, हे इनचार्ज ठरवू शकते. एकाच परिचारिकेला सलग कित्येक तास तिथे बसवले तर तिचे लक्ष ढळणारच, म्हणून तासा-दोन तासांनी माणूस बदलण्याची सोय पाळीच्या वेळापत्रकात आधीच करून ठेवणे, हीसुद्धा तिचीच जबाबदारी.

सर्वांत अवघड प्रसंग याहून निराळा असतो. एखाद्या सहकाऱ्याने मुलाला रागाने ढकलले, असे तुमच्या कानावर येते. ती सहकारी भली आहे, थकलेली आहे, घरी अडचणीत आहे. तरीही तिला त्या मुलाच्या शुश्रूषेतून त्याच क्षणी बाजूला करणे, घटना नियमानुसार वर कळवणे आणि मुलाच्या पालकांपासून ती न लपवणे, हे तुम्हाला करावेच लागेल. मग तिला एकटीला बसवून तिचे म्हणणे पूर्ण ऐकणेही तुम्हालाच करायचे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येणे हेच या पदाचे काम आहे. त्यांपैकी पहिली टाळणाऱ्या व्यक्तीला मी सहृदय म्हणणार नाही, कारण तिने दया दाखवली ती स्वतःच्या संकोचाला.

तुमचे वरिष्ठ म्हणतात तसा धाक असेल तर चुका कमी होतात का? संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांतील औषधांच्या चुकांच्या अभ्यासात उलटेच चित्र दिसले. ज्या तुकड्यांचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले होते, तिथे नोंदल्या गेलेल्या चुका अधिक होत्या, आणि त्याचे महत्त्वाचे कारण म्हणजे तिथल्या परिचारिका त्या बोलून दाखवायला कचरत नव्हत्या. मानसोपचाराची औषधे घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. लिथियम या औषधाची रक्तातील पातळी पाहायची राहिली, किंवा नव्या औषधानंतर मुलाची मान आखडली ते उशिरा लक्षात आले, हे भीतीपोटी दडवले गेले तर किंमत मूल मोजते.

आता तुमच्या निर्णयाविषयी. व्यवस्थापनाची पदवी आत्ता घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. ती पुढे उपयोगी पडेल, परंतु रात्री तीन वाजता ओरडणाऱ्या मुलाजवळ ज्या व्यक्तीने कधी ड्युटी केलेली नाही, तिच्या सूचना वॉर्ड मनापासून स्वीकारत नाही. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून आधी काही वर्षे मुलांच्या मानसोपचार वॉर्डात प्रत्यक्ष काम करा. दम्याचा झटका, अपस्माराचा झटका, औषधांमुळे वाढणारे वजन हे सर्व तिथेही असते, म्हणून सर्वसाधारण बालरुग्ण परिचर्येचा पायाही पक्का करा. कुटुंबांशी बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. वॉर्डात आलेले बहुतेक आईवडील 'आमचेच चुकले' या ओझ्याखाली असतात आणि ते अनेकदा परिचारिकेवरील रागाच्या रूपात बाहेर पडते. इनचार्ज झाल्यावर अशा तक्रारींना पहिले उत्तर तुम्हालाच द्यायचे असते.

या काळात स्वतःवर एक नजर ठेवा. एखादे मूल केवळ तुमचेच ऐकते याचा आनंद वाटू लागला, किंवा इतर परिचारिका त्याला समजून घेत नाहीत असे सतत वाटू लागले, तर ते अनुभवी वरिष्ठांशी बोला. मऊ मनाच्या व्यक्तींना खरा धोका इथे असतो, झोप न लागण्यात नाही. अशा बोलण्यासाठी ठरलेली वेळ देणारी संस्था निवडणे, हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. म्हणून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा : मुलाला रोखावे लागले तर नंतर कर्मचाऱ्यांशी कोण बोलते, नव्या परिचारिकेला रात्रपाळीत एकटी ठेवतात का, आणि मागच्या वर्षी अशा घटना किती झाल्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल, तिथे आकडा मोठा असला तरी जायला हरकत नाही, कारण ते निदान मोजत आहेत.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर एक सुचवते. आवश्यक ती नैतिक समितीची परवानगी घेऊन, मुलांची ओळख पूर्णपणे वगळून, एका वॉर्डातील अशा घटना कोणत्या वेळी आणि कोणत्या कामाच्या आगेमागे घडतात याची नोंद करा : पाळी बदलताना, भेटीची वेळ संपल्यावर, झोपायच्या आधी. निष्कर्ष मांडताना तिथल्या परिचारिकांना सुरुवातीपासून सोबत घ्या, ज्यांनी त्या मुलाला धरले होते त्या चौघांनाही.

तुमची,
करिअर मार्गदर्शक