भस्त्रिका करता करता हरवणारा मुलगा

"ताई, ही मिरगी तर नाही ना?" इंदूरच्या रामबागेतली एक आई विचारत होती. मुलगा ९ वर्षांचा. रोज सकाळी आजोबांच्या शेजारी भस्त्रिकेला बसतो. जोरजोरात श्वास चालू असतो आणि मध्येच त्याची नजर एका जागी लागते. हाक मारली तर ओ देत नाही. थोड्या वेळाने चुळबुळ करतो, जांभई देतो, की झाला पहिल्यासारखा. आईने मोबाइलवर फीट येणाऱ्या एका मुलीचा व्हिडिओ पाहिला होता, तोही अगदी असाच. त्यात एका नातेवाइकांनी घरात उरलेल्या कार्बामाझेपिनच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. तिथे मात्र मी त्यांचं बोलणं तोडलं. औषध अपस्माराचंच आहे, पण अॅब्सेन्स प्रकारचे, म्हणजे क्षणभर भान हरपणारे झटके त्याने उलट वाढू शकतात.

निदान करणं माझं काम नाही. पण डॉक्टरांकडे पाठवण्याआधी चार गोष्टी नीट विचारून घेतल्या, तर तिथला वेळ वाचतो. मी विचारलं, "भस्त्रिका नसताना कधी असं होतं? घास हातात धरून थांबतो? बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटतं?" लहानपणीचे अॅब्सेन्स झटके साधारण ४ ते १० या वयात सुरू होतात. चाहूल न लागता येतात, बहुतेकदा ४ ते २० सेकंदांत संपतात, दिवसातून कितीतरी वेळा येतात. पापण्या फडफडतात, आणि झटका सरला की मूल जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. विचारात हरवलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, झटक्यातलं येत नाही.

"नाही हो, फक्त भस्त्रिकेतच," आई म्हणाली आणि सुटल्यासारखी हसली. मी मात्र लगेच हसले नाही. कारण खरे अॅब्सेन्स झटकेही जोरात श्वास घेतल्याने उमटतात. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढताना डॉक्टर मुलाला ३ मिनिटं फुंकायला लावतात, ते याचसाठी. शाळेतल्या बाईंना विचारा म्हटलं. बाईंचं उत्तर आलं : बडबड्या आहे, पण मध्येच हरवत नाही.

बालमेंदूविकार तज्ज्ञांनी व्हिडिओसह ईईजी केला. फुंकता फुंकता मुलगा तिथेही तसाच थिजला, हे बरं झालं. त्या क्षणी पडद्यावर मोठ्या, संथ लहरी होत्या. अॅब्सेन्समध्ये सेकंदाला ३ च्या गतीने उमटणारी काटा-आणि-लाट जोडी कुठेच नव्हती. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि लहान मुलांच्या लहरी चटकन मंदावतात. पोट रिकामं असेल तर आणखीच. यांची भस्त्रिका तर पोह्यांच्या आधी! नुसतं पाहून हे निरुपद्रवी थिजणं आणि अॅब्सेन्स झटका वेगळे करणं अनुभवी डोळ्यांनाही अवघड जातं. चुळबुळ, जांभई निरुपद्रवी प्रकारात जास्त दिसते आणि पापण्यांची फडफड झटक्यात, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. औषध काहीच दिलं नाही.

खरी अडचण पुढे होती. आजोबा दुखावले होते. "योगाने कधी कुणाचं वाईट झालंय का?" सून सासऱ्यांना उघड काही बोलत नव्हती, पण सकाळी मुलाला मुद्दाम उशिरा उठवत होती. दोघांना समोर बसवलं आणि रिपोर्ट आजोबांच्या हातात दिला. मेंदूला काही झालेलं नाही, हे सुनेला ऐकायचं होतं. आपल्यामुळे काही झालं नाही, हे त्यांना. डॉक्टरांनी भराभर श्वासाचे प्रकार तेवढे बंद करायला सांगितले होते, सावकाश श्वासाला हरकत नव्हती. आजोबांनी अनुलोम-विलोमवर तडजोड केली, तीही नाश्ता पचल्यावर.

निघताना आईने विचारलं, शाळेत सांगायचं का? बाईंना एवढंच सांगा म्हटलं : लिहिता लिहिता पेन थांबलं, हाक पोचली नाही, तर वेळ बघा, जमलं तर मोबाइलवर टिपा, आणि तो व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे परत जा.